ड्रोग्बा: चेल्सीच्या फायनलमध्ये हमखास गोल, देशाच्या फायनलमध्ये शून्य. असं का?

तिसरा_टच

आयव्हरी कोस्टचा आणि चेल्सीचा स्ट्रायकर दिदिए ड्रोग्बा याचा विषय निघाला की गाडी दोनच स्टेशनांवर थांबते. एक, म्युनिकचा हेडर (२०१२ ची चॅम्पियन्स लीग फायनल). दोन, "त्याने देशातलं यादवी युद्ध थांबवलं". दोन्हींवर बोलूच, पण मला अडलेला प्रश्न वेगळा आहे.

चेल्सीच्या पहिल्या खेपेत, म्हणजे २००४ ते २०१२, तो मोठ्या स्पर्धांच्या ९ फायनल खेळला. लीग कप २००५, २००७, २००८. एफए कप २००७, २००९, २०१०, २०१२. चॅम्पियन्स लीग २००८ आणि २०१२. ९ सामने, ९ गोल. कोरडा गेला तो फक्त मॉस्कोत, २००८ ला. तिथेही एक्स्ट्रा टाइम संपत आल्यावर युनायटेडच्या विदिचला चापट मारून लाल कार्ड घेतलं. एफए कपच्या चार वेगवेगळ्या फायनलमध्ये गोल करणारा तो पहिलाच खेळाडू.

आता देशाचं बघा. आयव्हरी कोस्टसाठी १०५ सामने, ६५ गोल. पण आफ्रिकन नेशन्स कपच्या दोन फायनल, कैरो २००६ आणि लिब्रव्हिल २०१२, दोन्ही १२० मिनिटं चालल्या. म्हणजे एकूण २४० मिनिटं, गोल शून्य, आणि दोन्ही ठिकाणी एकेक पेनल्टी वाया. कैरोत शूटआउटमधली, लिब्रव्हिलला चालू सामन्यातली.

माणूस तोच. मग फरक कशाचा? "नशीब" हे उत्तर बाद धरलं आहे.

आकडेबाज_अप्पा

यादी बरोबर आहे. फक्त २०१५ ची लीग कप फायनल राहिली. त्यात तो अगदी शेवटच्या क्षणी बदली म्हणून उतरला होता. ती धरली तर १० फायनल, ९ गोल. कम्युनिटी शील्ड (मोसमाच्या सुरुवातीचा एकच सामना) मी मोजत नाही, नाहीतर २००५ चे आर्सेनलविरुद्धचे दोन आणखी मिळवावे लागतील.

नुसती बेरीज करून उपयोग नाही, ते ९ गोल आले कसे ते बघा. २००५ ला लिव्हरपूलविरुद्ध ग्लेन जॉन्सनच्या लांब थ्रो-इनवर गोलच्या तोंडाशी. २००७ लीग कपला आर्सेनलविरुद्ध एक पायाने, दुसरा रॉबेनच्या क्रॉसवर डोक्याने. २००७ एफए कपला ११६ व्या मिनिटाला लॅम्पार्डशी देवाणघेवाण करून युनायटेडचा गोलरक्षक फान डेर सारच्या अंगावरून हलकेच उचललेला. २००८ ला टॉटनहॅमविरुद्ध फ्री किक (तो सामना चेल्सी हरली). २००९ ला एव्हर्टनविरुद्ध मालुदाच्या क्रॉसवर हेडर. २०१० ला पोर्ट्समथविरुद्ध फ्री किक, खांबाला लागून आत. २०१२ ला लिव्हरपूलविरुद्ध डाव्या पायाने, श्कर्टेलच्या दोन पायांमधून. आणि मग म्युनिक.

पायाने ४, डोक्याने ३, फ्री किक २. एकाच पद्धतीवर जगणारा खेळाडू नव्हता तो.

जाता जाता एक गंमत: फ्रान्सच्या मार्से क्लबकडून यूएफा कप फायनल हरला १९ मे २००४ ला, नव्या वेम्बलीवरची पहिली एफए कप फायनल जिंकून दिली १९ मे २००७ ला, आणि म्युनिक १९ मे २०१२.

गनर_गजा

फायनलच्या गोलांवर किती दिवस जगणार? लीग बघा. प्रीमियर लीगमध्ये २५४ सामने, १०४ गोल. सामन्यामागे ०.४१. आमच्या आर्सेनलच्या आँरीचे २५८ सामन्यांत १७५. सामने जवळपास तेवढेच आणि ७१ गोलांचा फरक. वर लोळणं वेगळं. वारा लागला तरी पडायचा.

आकडेबाज_अप्पा

गजाभाऊ, आकडे बरोबर आहेत. मोसमवार मांडतो: १०, १२, २०, ८, ५, २९, ११, ५ आणि २०१४-१५ ला परत आला तेव्हाचे ४. बेरीज १०४.

यातल्या खड्ड्यांना कारणं आहेत. २००७-०८ ला गुडघ्याची शस्त्रक्रिया. २००८-०९ ला प्रशिक्षक स्कोलारींनी बाकावर बसवला, फेब्रुवारीत त्यांच्या जागी हिडिंक आल्यावर पुन्हा संघात आला. २०१०-११ ला मलेरिया झाला, आणि निदान होईपर्यंत तो तसाच खेळत होता. २९ गोलांचा २००९-१० चा मोसम मात्र निर्विवाद. अँचेलोत्तीच्या त्या संघाने लीगमध्ये १०३ गोल केले, शेवटच्या दिवशी विगनला ८-० ने धुतलं. त्या दिवशी पहिली पेनल्टी लॅम्पार्डने घेतली म्हणून हा भर मैदानात रुसला होता, कारण गोल्डन बूटसाठी (लीगमध्ये सर्वाधिक गोलांचं बक्षीस) युनायटेडच्या रूनीशी चुरस होती. नंतर हॅटट्रिक करून २९ वर गेला, रूनी २६ वर राहिला.

पडण्याबद्दल सहमत. पहिल्या दोन-तीन मोसमांत ते फार होतं.

मधली_फळी

गजाभाऊंची तुलनाच चुकते आहे. आँरीचं काम डावीकडून आत घुसून संपवायचं. ड्रोग्बाचं अर्धं काम गोलच्या आधीचं होतं, ते गोलांच्या रकान्यात कुठे दिसणार?

प्रशिक्षक मोरिन्योंच्या पहिल्या चेल्सीत ४-३-३ (चार बचावपटू, तीन मधले, तीन पुढचे). दोन्ही कडांना रॉबेन आणि डफ, मध्ये माकेलेले, त्याच्या पुढे लॅम्पार्ड. प्रतिस्पर्धी दाबायला आला की गोलरक्षक चेक किंवा बचावपटू टेरी सरळ लांब चेंडू मारणार आणि तो ड्रोग्बाने पाठीवर माणूस घेऊन थांबवायचा. हे "उंच आहे म्हणून जमतं" असं नाही. सहा फूट दोन इंचांचे स्ट्रायकर ढिगाने असतात.

त्याचे सामने पुन्हा लावून फक्त हे बघा. चेंडू हवेत असताना तो चेंडूकडे बघत उभा राहत नाही. आधी मागच्या बचावपटूला शोधतो. पाठ पूर्ण टेकवत नाही, अंग तिरकं ठेवतो. पुढचा हात थोडा बाहेर, कोपर खाली. गुडघे वाकवून कंबर बचावपटूच्या कंबरेच्या खाली नेतो. धक्का लागायचा तो चेंडू यायच्या आधीच लागून गेलेला असतो, त्यामुळे चेंडू येतो तेव्हा बचावपटूचा तोल मागे असतो आणि याचा जागेवर. मग छातीवर किंवा मांडीवर घेऊन पहिला टच बचावपटूपासून लांबच्या पायाकडे. तिथून दोनच पर्याय: धावत येणाऱ्या लॅम्पार्डला एका टचमध्ये परत, किंवा बचावपटूने जास्तच रेटा दिला तर त्याच रेट्यावर त्याला गुंडाळून वळायचं.

यात चुकतं कुठे? पहिली चूक घाईची. चेंडू लांब असतानाच मागे ढकललं की पंच फाउल देतो, आणि ड्रोग्बाविरुद्ध असे फाउल भरपूर दिले गेले. दुसरी चूक सरळ पाठ लावून उभं राहण्याची. मग बचावपटू कुठल्याही बाजूने पाय घालून चेंडू काढतो. तिसरी गोष्ट त्याच्या हातातच नाही: दहा यार्डांत परत द्यायला माणूसच नसेल, तर चेंडू कितीही छान थांबवा, तीन सेकंदांत तीन जण अंगावर येतात.

तिसऱ्या_टचच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या तिसऱ्या चुकीत आहे.

गँगाँपचा_गडी

हे कसब आलं कुठून हेही बघायला हवं, कारण तो कुठल्याही नामांकित अकादमीत घडलेला नाही.

जन्म अबिजानचा, ११ मार्च १९७८. पाचव्या वर्षी फ्रान्समध्ये काकाकडे, मिशेल गोबाकडे. तो स्वतः व्यावसायिक खेळाडू, त्यामुळे क्लब बदलला की गाव बदलायचं. मधे घरी परत, पुन्हा फ्रान्स. मग पॅरिसला लागून असलेल्या लव्हाल्वाचा छोटा क्लब, तिथून ल माँ. पहिला व्यावसायिक करार हातात पडला तेव्हा वय २१. त्या वयाला आँरी विश्वविजेता होऊन बसला होता.

ल माँमध्ये अडचण शरीराची होती. रोज व्यावसायिक सराव करायची सवय नाही, त्यामुळे पाऊल, घोटा, पायाचं हाड अशा दुखापती एकामागून एक. जानेवारी २००२ मध्ये गँगाँप क्लबने त्याला उचललं ते ८० हजार पौंडांत. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं गाव हे, वस्ती सात-आठ हजार, मैदानात बसायची सोय अठरा हजारांची. २००२-०३ मध्ये तिथे त्याने लीगचे १७ गोल केले, गँगाँप सातवं आलं. त्याला चेंडू पुरवणारा होता फ्लोराँ मालुदा. पुढे चेल्सीत पुन्हा तोच मालुदा.

मग मार्से, ३३ लाख पौंड. एकच मोसम, लीगमध्ये १९ गोल, फ्रान्समधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. चॅम्पियन्स लीगच्या गटात मार्सेची गाठ पोर्तोशी पडली, आणि पोर्तोचे प्रशिक्षक होते मोरिन्यो. यूएफा कपमध्ये लिव्हरपूल, इंटर, न्यूकॅसल या तिघांविरुद्ध गोल, न्यूकॅसलविरुद्धच्या सेमीफायनलचे दोन्ही त्याचे. जुलै २००४ मध्ये चेल्सीने २ कोटी ४० लाख पौंड मोजले.

८० हजार ते २ कोटी ४० लाख. अडीच वर्षांत ३०० पट.

सई_स

वाचते आहे, मस्त चाललंय. युद्ध थांबवल्याचं खरं किती आणि रंगवलेलं किती, ते कुणीतरी नीट लिहा ना. प्रत्येक व्हिडिओत वेगळं सांगतात.

नकाशा

तारखा लावल्या की गोंधळ मिटतो.

सप्टेंबर २००२ मध्ये बंड झालं आणि देश दोन तुकड्यांत वाटला गेला. दक्षिण राष्ट्राध्यक्ष बाग्बोंच्या सरकारकडे, उत्तर बंडखोरांकडे, त्यांचं केंद्र बुआके. त्याच महिन्यात ड्रोग्बाचा राष्ट्रीय संघातला पहिला सामना.

८ ऑक्टोबर २००५. विश्वचषक पात्रतेचा शेवटचा दिवस. आयव्हरी कोस्टने सुदानला ओम्दुरमानमध्ये ३-१ हरवलं, पण कॅमेरून जिंकलं असतं तर सगळं पाण्यात. याउंदेत कॅमेरून-इजिप्त १-१, आणि भरपाईच्या वेळेत कॅमेरूनला पेनल्टी. वोमेने ती खांबावर मारली. आयव्हरी कोस्ट २२ गुण, कॅमेरून २१. पहिल्यांदाच विश्वचषक. ड्रेसिंग रूममध्ये कॅमेरा होता. ड्रोग्बाने मायक्रोफोन हातात घेतला, सगळे त्याच्याभोवती, आणि उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिमेच्या लोकांना उद्देशून शस्त्रं खाली ठेवा, निवडणुका घ्या, असं म्हणत सगळा संघ गुडघ्यांवर बसला. जेमतेम मिनिटभराची चित्रफीत, पण देशभर पुन्हा पुन्हा दाखवली गेली.

त्या रात्री युद्ध थांबलं नाही. शांतता करार वागादुगूत झाला ४ मार्च २००७ ला, मध्यस्थी बुर्किना फासोची. त्यात राजकारण, दमलेली सैन्यं, शेजारी देश, सगळं होतं. ड्रोग्बाचा दुसरा आणि माझ्या मते जास्त मोलाचा वाटा त्यानंतरचा. आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर त्याने करंडक घेऊन बुआके गाठलं आणि मादागास्करविरुद्धचा पात्रता सामना तिथे होईल असं जाहीर केलं. ३ जून २००७ ला तो झाला. बंडखोरांच्या राजधानीत राष्ट्रीय संघ, ५-०, पाचवा गोल त्याचा.

आणि २०१० च्या निवडणुकीनंतर देश पुन्हा पेटला, हे त्या व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. २०११ मध्ये नेमलेल्या सत्य, संवाद आणि सलोखा आयोगाच्या सदस्यांत ड्रोग्बाचं नाव आहे. म्हणजे "थांबवलं" हे क्रियापद चुकीचं. "काहीच केलं नाही" हेही तितकंच चुकीचं.

सई_स

धन्यवाद. बुआकेच्या सामन्याचं माहीतच नव्हतं.

रिप्ले_रमा

म्युनिकवर अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सावकाश गतीने बघायचा गोल आहे तो.

आधी परिस्थिती. सामना बायर्नच्याच मैदानावर. चेल्सीचे टेरी, इव्हानोव्हिच, रामिरेस आणि मेरेलेस चौघंही निलंबित. ८३ व्या मिनिटाला बायर्नच्या म्युलरचा गोल. बायर्नला त्या सामन्यात २० कॉर्नर मिळाले, चेल्सीला १. तो एक मिळवला बदली आलेल्या तोरेसने.

चेल्सीचा हुआन माता तो कॉर्नर उजवीकडून मारतो. ड्रोग्बा जवळच्या खांबाच्या दिशेने निघतो. बायर्नचा बचावपटू बोआटेंग त्याच्यावर आहे, पण निघायच्या क्षणाला अर्ध्या पावलाने मागे पडतो. अशा कॉर्नरवर बचावपटूला चेंडू आणि माणूस दोन्ही एका नजरेत ठेवावे लागतात. चेंडूकडे मान वळली की माणूस सुटतो, आणि ड्रोग्बा तेवढ्याचीच वाट बघत असतो. उडी फार उंच नाही, पुढे झेपावणारी आहे. ताकद मानेतून आणि पोटातून येते: आधी धड मागे, मग झटका. जवळच्या खांबापाशी असा हेडर बहुतेक वेळा फक्त चाटून मागे जातो किंवा वर उडतो, कारण चेंडू वेगात असतो आणि कपाळ त्याच्या मागे नीट येत नाही. इथे कपाळ पूर्ण मागे आलं. गोलरक्षक न्यूअर जागेवर होता, तरी त्याला अडवता आलं नाही. ८८ वं मिनिट.

पुढचं लोक विसरतात. एक्स्ट्रा टाइममध्ये रिबेरीला पाडून पेनल्टी दिली ती याच ड्रोग्बाने. तोवर बायर्नमध्ये गेलेल्या रॉबेनची ती किक चेकने धरली. त्याआधी सेमीफायनलला बार्सिलोनात फाब्रेगासला पाडून पेनल्टी दिली तीही यानेच, मेस्सीने ती बारवर मारली. स्ट्रायकरला आपल्या बॉक्समध्ये बचावाला आणला की हे होतं. मागून पाय घालायची त्याला सवय, पण तिथे ती परवडत नाही.

शूटआउटमध्ये पाचवी किक. धाव अगदी आखूड. न्यूअर एका बाजूला, चेंडू दुसऱ्या. ४-३.

गनर_गजा

बरं, हेडर भारी होता. एवढंच कबूल.

तिसरा_टच

रमाताई, आखूड धावेचा मुद्दा मला हवाच होता. म्युनिकच्या ९७ दिवस आधी, १२ फेब्रुवारीला, लिब्रव्हिलमध्ये ७० व्या मिनिटाला त्याचा सहकारी गेर्विन्योला पाडलं म्हणून पेनल्टी मिळाली आणि ड्रोग्बाने ती बारवरून मारली. ते एवढं वेगळं का?

मधली_फळी

लिब्रव्हिलच्या आठ दिवस आधीचं बघा. विषुववृत्तीय गिनीविरुद्धच्या क्वार्टरफायनलमध्ये त्याची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली होती. (त्याच सामन्यात नंतर दोन गोल केले, ते वेगळं.) एकदा अडवली गेली की पुढच्या वेळी मारणारा दोनपैकी एक करतो: जागा बदलतो किंवा जोर वाढवतो. त्याने जोर वाढवला. जोराच्या किकला चूक व्हायला फार जागा असते. टेकवायचा पाय चेंडूच्या जरा मागे राहिला, धड मागे झुकलं, की चेंडू वरच जाणार. म्युनिकमध्ये धाव काढून टाकली म्हणजे धडाला मागे झुकायला वेळच ठेवला नाही. पाय टेकला आणि आतल्या बाजूने ढकलला.

लिब्रव्हिलच्या शूटआउटमध्ये त्याने स्वतःची किक घातली, हेही नोंदवा. चुकले ते कोलो तुरे आणि गेर्विन्यो. झांबिया ८-७. ज्या शहराजवळच्या समुद्रात १९९३ मध्ये झांबियाच्या संघाचं विमान कोसळलं, तिथेच.

नकाशा

आणि मूळ प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर.

लोक "सुवर्ण पिढी" म्हणतात ती एका छपराखाली वाढलेली होती. अबिजानच्या आसेक मिमोझाची अकादमी, झाँ-मार्क गियू यांनी उभी केलेली. तुरे बंधू, झोकोरा, एबुए, कालू, गेर्विन्यो, बोका सगळे तिथले. बरेच जण पुढे बेल्जियमच्या बेवेरेनमध्ये एकत्र खेळले. तिथलं शिक्षण जमिनीवरून आखूड पास, लहान शरीराची चपळ मुलं. ड्रोग्बा त्या छपराखालचा नाही. तो फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आलेला, लांब चेंडूवर जगणारा. दोन्ही चांगलं, पण दोन्हींची गाठ नीट बसली नाही. चेल्सीने त्याच्याभोवती संघ बांधला. राष्ट्रीय संघात त्याला पुढे एकटा ठेवला आणि बाकीचे आपला खेळ खेळत राहिले. पाठीवर माणूस घेऊन चेंडू थांबवला तरी दहा यार्डांत लॅम्पार्ड नाही.

दुसरं, आफ्रिकेत ते कायम दावेदार, म्हणून समोरचे संघ मागे बसायचे. २०१२ च्या अख्ख्या स्पर्धेत आयव्हरी कोस्टने एकही गोल खाल्ला नाही, आणि तरी हरले. २००६ ला कैरोत यजमान इजिप्त, ०-०, शूटआउटमध्ये आयव्हरी कोस्टची पहिलीच किक ड्रोग्बाची आणि एल हदारीने ती अडवली. चेल्सीच्या फायनल मात्र युनायटेड, आर्सेनल, लिव्हरपूल, बायर्न अशांशी, जे स्वतः पुढे येतात. मागे जागा सुटते.

विश्वचषकाचे गटही बघून घ्या: २००६ ला अर्जेंटिना आणि नेदरलँड्स, २०१० ला ब्राझील आणि पोर्तुगाल. २०१० ला तर स्पर्धेच्या आठवडाभर आधी जपानविरुद्धच्या सराव सामन्यात हात मोडला. शस्त्रक्रिया करून, हाताला संरक्षक कवच बांधून खेळला आणि ब्राझीलविरुद्ध गोल केला. विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध गोल करणारा पहिला आफ्रिकी खेळाडू.

आकडेबाज_अप्पा

हे पटतं. "मोठ्या सामन्यात डगमगतो" या निष्कर्षापेक्षा बरंच बरं. पण समोरून मिळालेली संधी कैरोतही हुकली होती, तेवढं त्याच्या खात्यावर राहू द्या.

पेठकर

अवांतर: नकाशा यांच्या यादीतला झोकोरा २०१५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीला खेळलाय. ड्रोग्बाचा चेल्सीतला जोडीदार अनेल्का मुंबई सिटीत होता, आणि गँगाँपवाला मालुदा दिल्ली डायनामोजमध्ये. ड्रोग्बा स्वतः तेवढा आला नाही.

गँगाँपचा_गडी

तो तिकडे उत्तर अमेरिकेत रमला. म्युनिकनंतर शांघाय, मग तुर्कस्तानचा गालातासराय (तिथे लीग जिंकली), एक वर्ष परत चेल्सी, मग माँट्रियल, जिथे २०१५ ला लीगच्या ११ सामन्यांत ११ गोल. शेवटी फिनिक्स रायझिंग, जिथे तो खेळाडूही होता आणि मालकांपैकीही एक. नोव्हेंबर २०१८ ला लीगची फायनल लुईव्हिलकडून ०-१ हरला आणि ४० व्या वर्षी थांबला.

अवांतरात भर: अबिजानमध्ये बिअरच्या एक लिटरच्या मोठ्या बाटलीला "ड्रोग्बा" म्हणतात.

सई_स

😄 मग आयव्हरी कोस्टने तो नेशन्स कप जिंकलाच नाही का त्या पिढीत?

नकाशा

जिंकला की. ८ फेब्रुवारी २०१५, बाता शहरात, घानाविरुद्ध. पुन्हा ०-०, पुन्हा शूटआउट, ९-८. ड्रोग्बा सहा महिन्यांपूर्वीच राष्ट्रीय संघातून निवृत्त झालेला. शेवटी दोन्ही गोलरक्षकांवर वेळ आली. आयव्हरी कोस्टच्या बारीने आधी घानाच्या गोलरक्षकाची किक अडवली आणि मग स्वतःची मारून कप घरी नेला. लिब्रव्हिलला गोलमध्ये उभा होता तोच हा बारी.

तिसरा_टच

अप्पांची ९ गोलांची यादी वर मूळ लेखात चढवतो. लिब्रव्हिलचा पूर्ण सामना चांगल्या प्रतीचा कुणाकडे असेल तर सांगा, ७० व्या मिनिटाला टेकवायचा पाय नक्की कुठे पडला ते थांबवून बघायचं आहे.